डावीकडे कोण?

६ ऑक्टोबर १९४८, बुधवार

अर्धीच भाकरी वाढली म्हणून आईवर ओरडले. "आजारी माणसाला इतकं मापून वाढतात?" मग कुणीतरी ताट फिरवलं – आणि उरलेली अर्धी भाकरी, वांग्याची भाजी, चिंचेचा ठेचा, सगळं आलं की समोर! ताटातच होतं. डावीकडे होतं, एवढंच.

म्हणजे डॉक्टरसाहेब सांगतात ते खरं. डोळे दोन्ही शाबूत, पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. मला वाटलं होतं, तिथं काळं दिसेल. काळंबिळं काही नाही. आपल्या डोक्यामागं आपल्याला काय दिसतं? तसं. मोठी गंमत आहे! रडायला पाहिजे खरं तर, पण मी मघापासून ताट पुढंमागं सरकवून बघतेय, भाकरी नेमकी कुठं गायब होते ते.

ऑपरेशनला आज एकवीस दिवस. आज पहिल्यांदा वही उघडली. पानाची डावी कड बोटानं चाचपून ओळ सुरू करते. ओळी डोंगर चढतात. चढू देत.

७ ऑक्टोबर

समोरच्या कुसुमताई येऊन गेल्या. "देवाची कृपा हो, भामा!" काल दोघीजणी येऊन हेच म्हणाल्या. कृपा, कृपा! कुणाची ते नाव-पत्त्यासकट सांगा, म्हणजे जाऊन आभार मानते. एकवीस वर्षांच्या मुलीच्या मेंदूत लिंबाएवढी गाठ झाली तेव्हा ही कृपा कुठं गेली होती? आभार मानायचे तर माणसाचे मानीन. डॉक्टरसाहेबांचे मानलेत. अजून कुणाकुणाचे राहिलेत ते शोधायचंय. मला ते दहा-बारा दिवस आठवतच नाहीत.

कुसुमताई बोलत होत्या तोंडाशी, पण नजर सारखी माझ्या डोक्यावर. पदर घेतला होता मी, तरी.

९ ऑक्टोबर, शनिवार

टांग्यातून दवाखान्यात. डॉक्टरसाहेब विलायतेत शिकून आलेत, बोलतात मात्र आपलं हैदराबादीच. "बेटी, कित्ते उंगल्या दिखरे?" उजवीकडे तीन म्हटलं. डावीकडे म्हटलं, "तुमचा हातच नै दिसत, उंगल्या कुठून मोजू?" हसले. मी विचारलं, गाठ उजवीकडे, मागच्या बाजूला. मग डावं का गेलं? त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर डोळे काढले, रेघा काढल्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. डावीकडचं सगळं उजव्या मेंदूत जाऊन पोचतं म्हणे. चिठ्ठी घरी आणलीय. अप्पांनाही समजावलं. अप्पा वकील, त्यांना समजायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला!

गेलेलं परत येईल का? डॉक्टरसाहेब म्हणाले, "वो तो अल्ला जाने. मगर गर्दन तो है ना? घुमाना सीखो." पण अजून पंधरा दिवस मान झटक्यानं वळवायची नाही. टाके आहेत.

१० ऑक्टोबर

हरवलेले दिवस जमवतेय, एकेकाला विचारून.

अप्पा धाकट्यांना सोलापूरला पोचवायला गेले होते, रझाकारांच्या भीतीनं. परतीच्या गाड्याच बंद झाल्या, अडकले तिकडं. इकडं मला उलट्या, डोकं धरून ओरडणं. तेरा सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या. पंधराला, बुधवारी, माझं डोकं उघडलं. सतराला निजामाचं राज्य संपलं. मी मात्र वीस तारखेला डोळे उघडले आणि म्हणे पहिला प्रश्न विचारला, "शाळेची घंटा झाली का?" सगळं हैदराबाद रेडिओला कान लावून बसलेलं, आणि मी नेमकी झोपलेली! याचा मला गाठीपेक्षा जास्त राग येतो.

वेणी कुठं आहे म्हणून विचारलं. आई म्हणाली, मुसी नदीत सोडली. वेणी कुणी कापली, डोकं कुणी केलं? "दवाखान्यात असतात माणसं." आणि आत उठून गेली.

१२ ऑक्टोबर, दसरा

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या, सुशीलाबाई. आपट्याचं पान दिलं, खूप वेळ बसल्या. मग कामाचं बोलल्या. "चौथीचा वर्ग मी नाताळपर्यंत सांभाळते. पण भामा, खरं सांग. बत्तीस मुली. अर्धा वर्ग तुला दिसणारच नसेल तर वर्ग तुझ्या हाती देऊ कशी?" डिसेंबरात अर्धा तास शिकवून दाखवायचं. त्या मागं बसणार. जमलं तर जानेवारीपासून शाळा. नाही जमलं तर दुसरी बाई ठेवणार.

मी हौ म्हटलं. शाळा गेली तर मी काय करणार या घरात? भिंतीकडं तोंड करून बसणार? शाळा गेली तर माझं सगळंच गेलं.

जाताना दारात आईला हळू म्हणाल्या, डोक्याचंही बघा, पालक बोलतील. कुवार मुलगी, आणि बोडकं डोकं. मला डावीकडचं दिसत नाही, ऐकू येतं!

१५ ऑक्टोबर

फूटपट्टी लावून केस मोजले. अर्ध्या इंचाला थोडे कमी.

१८ ऑक्टोबर, सोमवार

एक कोडं आहे. नीट मांडते.

माझं ताट रोज कुणीतरी फिरवतं. डावीकडचं संपलं नाही की हलकेच अर्धा वळसा. मी समजले होते आई. पण आईचा हात ताटाला लागला की बांगड्या किणकिणतात. आज मुद्दाम कान लावला. ताट फिरलं, आणि बांगडी वाजली नाही.

आठवू लागले. दवाखान्यातही डावीकडे कुणीतरी होतं. उजवीकडची तेलुगू नर्स – "कदलकु, कदलकु!" म्हणायची, हलू नको म्हणून. पण ओठांवर ओला बोळा फिरवणारा हात डावीकडून यायचा. पाय चोळणारा हात डावीकडचा. त्या हातालाही बांगडी नव्हती. आईला विचारलं तर म्हणते, "दुसरी नर्स असेल." बरं, नर्स धरू. पण नर्स गौलीगुड्यात आमच्या घरी येऊन ताट कशी फिरवेल?

२० ऑक्टोबर

दुपारी पडले होते. डावीकडं फरशीवर खट् आवाज झाला, मग घरंगळत काहीतरी गादीला लागलं. मान हळूहळू वळवली. सागरगोटा! माणूस कुणी नाही. थोड्या वेळानं पुन्हा खट्. पुन्हा सागरगोटा, आधीच्यापेक्षा लांब.

आमच्या घरातले उंदीर सागरगोटे खेळायला लागलेत की काय!

२३ ऑक्टोबर

रोज दुपारी हेच. आज सात. मी आता आवाजाच्या आधीच मान वळवून ठेवते. पण मी हळू वळते, आणि जो कोण आहे तो तोवर माझ्या पाठीमागं सरकतो. आईला विचारलं. आई म्हणाली, "झोप की जरा!" आणि हसू दाबत गेली. म्हणजे आईला ठाऊक आहे. अप्पांना विचारलं, ते वर्तमानपत्राआड गेले. आत्या तर स्वयंपाकघराबाहेर येतच नाही, तिला काय विचारायचं.

हो, आणि उमाजीही हल्ली दिसत नाही. दर पंधरवड्याला मागच्या दारानं येतो, आत्याची हजामत करायला, वस्तऱ्याची धोपटी काखेत मारून, चोरासारखा. की तोही डावीकडूनच येतो आणि मला दिसत नाही!

२५ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं!

सकाळी अप्पांचा दाढीचा आरसा मागितला. घरात सगळे परेशान – पोरगी आता डोकं बघून रडणार. आई म्हणाली, "नक्को गं, अजून दोन महिने जाऊ दे." मी हट्ट केला. आरसा मिळाला. मला डोकं बघायचंच नव्हतं. दुपारी पडले आणि आरसा उजव्या हातात असा धरला, की डावी भिंत त्यात यावी. मान न वळवता. डोळे अर्धे मिटून.

खट्. सागरगोटा आला. आणि आरशात विधवेचं तांबडं आलवण. भिंतीला टेकून, तोंड पलीकडं केलेलं, ओंजळीत उरलेले सागरगोटे.

आत्या! सत्यवतीआत्या!

मी नाव घेतलं तशी तिच्या हातातले सगळे फरशीवर सांडले. पदर तोंडावर ओढून उठायलाच लागली. "आरसा खाली ठेव भामे. माझं तोंड नको बघूस. अजून पुरतं बरं नै झालं तुला."

मी विचारलं, "दवाखान्यातही तूच होतीस?" आलवणाचं टोक मी घट्ट धरलं. तेव्हा ती बोलली, अडखळत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आईला सांगितलं, पोरीला डावीकडचं काही दिसत नाही. आत्या दाराबाहेर उभी होती, तिनं ऐकलं. "म्हटलं, बरंच झालं. डावीकडं बसलं तर हिला माझं दर्शन होणार नै. अपशकुन नै व्हायचा. मग बसले."

तेव्हापासून तिथंच! चाळीस दिवस. आजारी माणसानं डोळे उघडले आणि समोर सोवळी बाई दिसली तर वाईट, म्हणून माझ्या न दिसणाऱ्या अर्ध्या भागात ती राहायला गेली. कुणाला सुचेल हे? डॉक्टरसाहेबांनाही नाही सुचणार.

रडले खूप. टाके दुखले. तिच्यासाठी रडले आणि स्वतःच्या लाजेनंही. मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला निघाले होते, आणि आत्या पाण्याची कळशी घेऊन समोर आली. मी तोंड वाकडं करून परत आत गेले, चूळ भरली, पाच मिनिटं थांबून पुन्हा निघाले. तिच्यादेखत. तिनं कळशी खाली ठेवली होती आणि भिंतीकडं तोंड केलं होतं. हे मला आज आठवलं, पाच वर्षांनी.

२६ ऑक्टोबर

आत्याला म्हटलं, आता उजवीकडं बस. नाही म्हणाली. शेवटी तोडगा निघाला. ती डावीकडंच बसते, पण मी मान वळवून तिच्याकडं बघते आणि ती पळत नाही. तोंडावर अर्धा पदर असतो. चालेल.

सागरगोट्यांचं तिनंच शोधून काढलं. "तू लहानपणी आवाजाला लगेच वळायचीस. म्हटलं, सवय लावावी मानेला." आत्या शाळेत एक दिवस गेलेली नाही. अकराव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी नवरा प्लेगनं गेला, त्याच आठवड्यात डोकं केलं. आता एकेचाळिशीची आहे.

२ नोव्हेंबर, पाडवा

केस पाऊण इंच. खाजतात. आई चकली तळताना दोनदा येऊन डोक्यावरून हात फिरवून गेली. "मखमल," म्हणाली. फराळाच्या ताटात करंजी डावीकडं होती, मीच शोधली!

९ नोव्हेंबर, मंगळवार

उमाजी आला. पुढच्या दारानं आला, चप्पल काढून उभा राहिला. "ताई, बघायला आलो तुम्हाला. आत्याबाई आत आहेत ना? हळू बोलतो."

मग त्यानं सांगितलं. त्या बुधवारी सकाळी तो आत्यासाठीच आला होता, तिचा वार होता. मी आधीच दवाखान्यात, आत्या घटकाभर घरी आलेली. रस्त्यात चिटपाखरू नाही. तिकडं दवाखान्याचा हज्जाम लढाईच्या भीतीनं आलाच नव्हता, आणि केस काढल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात. आत्यानं उमाजीला तसाच, धोपटीसकट, दवाखान्यात नेला.

"पण माझा हात चालंना, ताई. कुवार पोरीच्या डोक्याला वस्तरा? आमच्या बापजाद्यात कुणी नै लावला. मी म्हणलं, मला हे पाप नक्को. तुमच्या आई रडायला लागल्या. डॉक्टर ओरडतोय, जल्दी करो, वक्त नै. तशी आत्याबाईनं वस्तरा घेतला माझ्या हातातून. म्हणाल्या, एकोणतीस वर्षं फिरतोय माझ्या डोक्यावर, मला ठाऊक आहे कुठं लागतं. एक चरा नै उमटला बघा तुमच्या टाळूवर! मी सात पिढ्यांचा न्हावी, मला नै जमलं असतं."

त्याला फराळ दिला. जाताना घुटमळला. "आत्याबाई रागावल्यात का माझ्यावर? तेव्हापासून बोलावणं नै. दोनदा मागल्या दारी आलो, आतूनच जा म्हणाल्या."

मी विचारते म्हटलं. विचारलं. आत्या म्हणाली, "बघू." बस्स, एवढंच. उमाजीनं ऐन वेळी हात आखडला, त्याचा राग असणार.

१० नोव्हेंबर

तर हे आहे नाव. सत्यवती. पत्ता आमच्याच घराचा. सकाळी उठून तिच्या पाया पडले. तिनं पाय ओढून घेतले, म्हणाली, "वेडी का तू?" मी म्हटलं, "डोक्यात गाठ होती, वेड नाही." तिला हसू फुटलं. तिचा एक दात पडलाय हे मला आजवर माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आता नवा खेळ. आत्यानं शेजारपाजारून सागरगोटे जमवले, बत्तीस. फरशीवर आठ ओळी, प्रत्येकीत चार. वर्ग! प्रत्येक सागरगोट्याला मुलीचं नाव. मी डोळे मिटायचे, ती एक उचलणार, मी सांगायचं कोण गैरहजर. पहिल्या दिवशी डाव्या भिंतीकडच्या पाच मुली उचलल्या तरी मला पत्ता नाही! आत्या म्हणाली, "तुझ्या वर्गातल्या पोरी मजेत पळून जातील, बाई." नावं तिला माझ्या आधी पाठ झाली.

३० नोव्हेंबर

उजवीकडून डावीकडं, डावीकडून उजवीकडं. विहिरीवरच्या रहाटासारखी मान फिरते. झोपेतही फिरते म्हणे. आज एकही चुकले नाही.

१ डिसेंबर

आज नऊ चुकले. वही भिरकावली. डावीकडे भिरकावली, मग शोधायला अर्धा तास!

१७ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. शिकवून दाखवायचंय. अप्पा म्हणतात, नापास झालीस तरी घर आहे. त्यांना वाटतं त्यानं धीर येतो.

१८ डिसेंबर, शनिवार

सगळं लिहिते.

सकाळी निघताना आत्या दिसलीच नाही. स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. समजले मी. हाक मारली, "आत्या, बाहेर ये, मी निघाले." आतून म्हणाली, "आज नको. आजचा दिवस जाऊ दे भामे. आज मोठं काम आहे." तिच्याशी भांडायला वेळ नव्हता. गेले.

वर्ग. बत्तीस मुली आणि मागं सुशीलाबाई. अपूर्णांक शिकवायला घेतले. अर्धा! फळ्यावर अर्धी भाकरी काढली. मान फिरतेय, फिरतेय. घाम फुटला होता, आणि फळ्याकडं वळताना पदर घसरला. इंच-दीड इंच केस, आणि मागं तो लांबलचक वण. पदर ओढून घ्यावा की नाही, मला सुचेना. तेवढ्यात पुढची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमचा नवरा वारला का?"

मी म्हटलं, "लग्नच नाही झालं गं, वारेल कुठून?"

हशा! सगळा वर्ग खिदळतोय. डाव्या भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर मात्र कुणी हसत नव्हतं. तोंड भरलेलं असलं की हसता येत नाही. मान तिकडं गेलेलीच होती. "गंगू, चिंच बाहेर थुंक आणि अर्ध्याचं अर्धं किती ते सांग!"

गंगूचा चेहरा! "पाव, बाई."

पदर परत घेतला नाही मी. राहिलेला तास तसाच शिकवला. मुलींचं डोक्याकडं बघणं दहा मिनिटांत संपलं, मग त्या फळ्याकडं बघायला लागल्या.

सुशीलाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गंगूला मी मागून बघत होते, मला नाही दिसली चिंच." मग म्हणाल्या, "तीन तारखेला ये. पदराचं तुझं तू ठरव."

धावत घरी. मान वळवायचं विसरले, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटला. आत्या चुलीपुढं. तिला सांगितलं. गंगूची चिंच ऐकून पोट धरून हसली, मग तिथंच बसून रडली. मला इतका आनंद मॅट्रिक पास झाल्याचाही झाला नव्हता.

१ जानेवारी १९४९

आत्याला सांगितलं, सोमवारी शाळेला निघेन तेव्हा तू समोर पाहिजेस. डावीकडे नाही. दारात, अगदी समोर. तू आली नाहीस तर मी जाणार नाही, जागा गेली तरी चालेल. आई ऐकत होती. मला वाटलं, रागावेल. ती तांदूळ निवडत राहिली.

आत्या म्हणाली, "बघू."

३ जानेवारी, सोमवार

आली. उजवीकडून आली, दारात समोर उभी राहिली, आणि मी काही म्हणायच्या आत पदर खाली घेतला.

केस! काळे, मधे मधे पांढरे, कानांवर आलेले. आई आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि आधी तिच्या डोक्यावर घातलं, मग माझ्या.

शाळेला पाच मिनिटं उशीर झाला, कारण मी फूटपट्टी आणली. माझे पावणेदोन इंच. आत्याचे दोन. पंधरा दिवसांचा फरक बरोबर निघाला: त्या बुधवारी वस्तरा तिच्यासाठी आला होता, फिरला माझ्यावर, आणि तिच्यावर मग पुन्हा फिरलाच नाही.